लाइव्ह ॲट मॅसी हॉल १९७१ : नील यंगच्या एकट्याच्या मैफलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा अल्बम नेमका आहे तरी काय?

१९ जानेवारी १९७१ ला कॅनडातल्या टोरांटो शहरात, मॅसी हॉल नावाच्या सभागृहात नील यंग एकटा गायला. सोबतीला फक्त गिटार आणि पियानो. ड्रम नाहीत, बास नाही, मागे सूर धरायला कुणी नाही. त्या संध्याकाळी त्याचे तिथे लागोपाठ दोन कार्यक्रम झाले. ध्वनिमुद्रण झालं आणि टेप कपाटात गेली. ती बाहेर यायला मार्च २००७ उजाडला, म्हणजे ३६ वर्षं गेली. रिप्राइज कंपनीने काढलेल्या या अल्बममध्ये १७ ट्रॅक आहेत, आणि सगळा मिळून तो ७० मिनिटांच्या आतबाहेर संपतो.

नील यंग म्हणजे कोण, थोडक्यात सांगाल?

जन्म टोरांटोचा, १९४५ चा. वडील स्कॉट यंग हे कॅनडातले नावाजलेले पत्रकार. लहानपण ऑन्टारियोतल्या ओमेमी या छोट्या गावात गेलं, तिथेच १९५१ च्या साथीत पोलिओ झाला. आईवडील वेगळे झाल्यावर तो आईबरोबर विनिपेगला गेला, आणि शाळकरी वयात बँड काढून गावोगाव वाजवू लागला. १९६५ मध्ये टोरांटोच्या यॉर्कव्हिल भागातल्या कॉफीहाउसांमध्ये त्याने लोकगायक म्हणून नशीब आजमावलं. तिथे त्याला फारसं कुणी विचारलं नाही. १९६६ मध्ये एक जुनी शववाहिका घेऊन तो मित्राबरोबर थेट लॉस एंजेलिसला गेला. तिथल्या ट्रॅफिकमध्ये स्टीफन स्टिल्स या ओळखीच्या गायक-गिटारवादकाने ती गाडी ओळखली आणि त्यातून बफेलो स्प्रिंगफील्ड हा बँड उभा राहिला, ही रॉकच्या इतिहासातली लाडकी गोष्ट आहे. पुढे क्रेझी हॉर्स हा साथीचा बँड, पुढे क्रॉस्बी, स्टिल्स आणि नॅश यांच्याबरोबरचं त्रिकुटाचं चौकुट. १९७० च्या उन्हाळ्यात ते फुटलं. त्याच सप्टेंबरात त्याचा स्वतःचा ‘आफ्टर द गोल्ड रश’ हा अल्बम आला आणि चांगला चालला.

म्हणजे मॅसी हॉलच्या मंचावर आला तो पंचवीस वर्षांचा, पाच वर्षांत नाव कमावून आपल्या जन्मगावी परतलेला माणूस. टोरांटोकरांना तो आता आपला वाटत होता, आणि ते रेकॉर्डवर ऐकू येतं.

हाताशी एवढे बँड असताना तो एकटाच का गायला?

दोन कारणं. एक तर मोठ्या बँडच्या भांडणांना तो कंटाळला होता. दुसरं कारण अगदी शरीराचं. त्याने नुकतंच उत्तर कॅलिफोर्नियात रँच, म्हणजे शेतवाडी घेतली होती. तिथे अक्रोडाच्या लाकडाची जड फळी उचलताना त्याची पाठ धरली. पट्टा बांधून वावरावं लागत होतं, फार वेळ उभं राहता येत नव्हतं, आणि इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवणं तर दूरच. ऑगस्ट १९७१ मध्ये अखेर पाठीची शस्त्रक्रिया झाली. तोवर खुर्चीत बसून ॲकूस्टिक गिटार वाजवणं किंवा पियानोपुढे बसणं, एवढंच जमण्यासारखं होतं.

या गाण्यांच्या हळुवारपणाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. त्यातला थोडा वाटा दुखऱ्या मणक्याला द्यायला हरकत नाही.

लोक या अल्बमला एवढं का मानतात? लाइव्ह अल्बम तर ढिगाने आहेत.

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून उत्तर लांब आहे.

बहुतेक लाइव्ह अल्बम असे असतात : गाणी आधीच गाजलेली, पहिल्या दोन सुरांत लोक ओळखतात, आरडाओरडा होतो, आणि गायक लोकांच्या पाठांतरावर स्वार होतो. इथे उलटं आहे. १७ पैकी ९ ट्रॅक असे, की त्या रात्री सभागृहातल्या कुणीही ते रेकॉर्डवर ऐकलेले असणं शक्य नव्हतं, कारण त्यांची रेकॉर्ड निघालेलीच नव्हती. एका ट्रॅकमध्ये दोन गाणी जोडलेली आहेत, म्हणजे नवी गाणी दहा. त्यातली पाच पुढच्या वर्षी ‘हार्वेस्ट’ या त्याच्या अल्बममध्ये आली. दोन ‘टाइम फेड्स अवे’ मध्ये १९७३ ला आली, एक ‘ऑन द बीच’ मध्ये १९७४ ला. ‘बॅड फॉग ऑफ लोनलीनेस’ तर २००७ पर्यंत कुठेच निघालं नव्हतं. ‘डान्स डान्स डान्स’ क्रेझी हॉर्सने आपल्या पहिल्या अल्बममध्ये घेतलं, पण यंगच्या आवाजात ते याच अल्बमने पहिल्यांदा दिलं.

आता ‘हार्ट ऑफ गोल्ड’ सुरू होतं ती जागा ऐका. हे गाणं पुढे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं; आज जगात कुठेही त्याची सुरुवात वाजली की टाळ्यांचा कडकडाट होतो. मॅसी हॉलमध्ये ते येतं आणि एकही टाळी पडत नाही. शिट्टी नाही, हाकारा नाही. लोक शांतपणे पुढची ओळ काय येते ते ऐकताहेत. जगातलं एक अतिपरिचित गाणं अजून अनोळखी आहे, आणि आपण त्या अनोळखी लोकांमध्ये बसून ते ऐकतो. अशी संधी रेकॉर्डवर फार क्वचित मिळते. माझ्या मते या अल्बमची खरी किंमत ती आहे. आवाज किती तयारीचा, गिटार किती सुंदर, हे नंतर.

गायकावरही त्याचा परिणाम दिसतो. ओळखीच्या गाण्याला लोकच उचलून धरतात, नव्या गाण्याला गायकाला एकट्याने उभं करावं लागतं. म्हणून प्रत्येक शब्द तो नीट पोचवतो. ‘ओल्ड मॅन’ च्या आधी तो सांगतो की मी आता रँचवर राहतो, तिथे एक म्हातारा आहे, तो जागेबरोबरच आला. मालक बदलतात, ही माणसं तिथेच राहतात. लोक हसतात. आणि मग तो त्या म्हाताऱ्याला उद्देशून गायला लागतो, की बघ, मी थोडाफार तुझ्यासारखाच आहे. या म्हाताऱ्याचं नाव लुई अव्हिला, रँचचा राखणदार. आज हे संगीतप्रेमींना पाठ आहे. त्या रात्री ती ताजी बातमी होती.

‘हार्ट ऑफ गोल्ड’ पियानोवर कसं काय? ते तर गिटार आणि माउथ ऑर्गनचं गाणं ना?

बरोबर, पण त्याला ते रूप अजून मिळालेलं नव्हतं. मॅसी हॉलमध्ये ‘अ मॅन नीड्स अ मेड’ हे गाणं पियानोवर सुरू होतं, त्याच्या पोटातून ‘हार्ट ऑफ गोल्ड’ निघतं आणि दोन्ही मिळून पावणेसात मिनिटांचा एक सलग तुकडा होतो. अल्बमवर त्याला ‘स्वीट’ (suite), म्हणजे जोडून वाजवलेल्या तुकड्यांची माळ, म्हटलंय.

तीनच आठवड्यांनी, फेब्रुवारी १९७१ च्या सुरुवातीला, कंट्री गायक जॉनी कॅशच्या टीव्ही कार्यक्रमासाठी यंग नॅशव्हिलला गेला. तिथे निर्माता एलियट मेझरच्या स्टुडिओत, तिथल्याच वादकांना गोळा करून ‘हार्ट ऑफ गोल्ड’ मुद्रित झालं. जेम्स टेलर आणि लिंडा रॉनस्टॅट हे गायक त्याच कार्यक्रमासाठी गावात आलेले होते, ते मागे गायला आले. गाण्याचं घर बदललं ते तिथे. ‘अ मॅन नीड्स अ मेड’ ची वाट वेगळी झाली : त्याला लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राची साथ मिळाली, घंटा वाजल्या, व्हायोलिनांचे डोंगर उभे राहिले.

स्पष्ट सांगायचं तर ते डोंगर मला कधीच मानवले नाहीत. हे गाणं एका एकट्या, जरा घाबरलेल्या तरुणाचं आहे. सिनेमात पाहिलेल्या एका नटीच्या तो प्रेमात पडलाय. ती नटी म्हणजे कॅरी स्नॉडग्रेस, आणि पुढे ती खरोखर त्याच्या आयुष्यात आली. ‘घरकामाला एखादी बाई ठेवली की झालं’ असं तो म्हणतो, त्यावरून त्याला बायकांना कमी लेखणारा ठरवलं गेलं. ऑर्केस्ट्रासह ऐकलं तर तो आरोप पटतो, कारण एवढ्या थाटामाटात म्हटलेलं वाक्य जाहीरनाम्यासारखं वाटतं. पियानोवर ऐकलं की कळतं, हा माणूस स्वतःच्या भित्रेपणाबद्दल बोलतोय.

एवढं चांगलं होतं तर ३६ वर्षं दडवून का ठेवलं?

दडवलं असं नाही, रांगेत मागे पडलं. यंगचा निर्माता डेव्हिड ब्रिग्ज. ‘आफ्टर द गोल्ड रश’ नंतर हाच लाइव्ह अल्बम काढायचा, हा त्याचा हट्ट होता. पण यंगला नॅशव्हिलमध्ये जमलेल्या नव्या मुद्रणांची धुंदी चढली होती आणि त्याला ‘हार्वेस्ट’ बाहेर हवा होता. ब्रिग्जचं चाललं नाही. ‘हार्वेस्ट’ फेब्रुवारी १९७२ मध्ये आला आणि त्या वर्षी अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेला अल्बम ठरला.

२००७ मध्ये टेप पुन्हा ऐकल्यावर यंगने कबूल केलं की ब्रिग्ज असं का म्हणत होता ते आता समजतंय. ब्रिग्ज मात्र १९९५ मध्येच गेला होता.

कुणाचं बरोबर होतं? धंद्याच्या हिशेबाने यंगचं, वादच नाही. संगीताच्या हिशेबाने मी ब्रिग्जच्या बाजूचा आहे. पण एक गोष्ट ब्रिग्जच्या विरोधात जाते. हा अल्बम १९७१ मध्येच निघाला असता, तर ‘हार्ट ऑफ गोल्ड’ आपण पहिल्यांदा इथेच ऐकलं असतं. मग त्या शांततेत आज जे ऐकू येतं ते ऐकूच आलं नसतं. गाजलेल्या गाण्याचं न गाजलेपण कळायला आधी ते गाजावं लागतं.

लोक मध्येच अचानक टाळ्या वाजवतात, ते कशाला?

गावाचं नाव आलं म्हणून! ‘हेल्पलेस’ मध्ये उत्तर ऑन्टारियोतल्या एका गावाची आठवण आहे, तो उल्लेख आला की सभागृह उसळतं. ‘जर्नी थ्रू द पास्ट’ मध्ये कॅनडाला परत जाण्याची ओळ आहे, तिथेही तेच. पुण्यात एखाद्या पाहुण्या गायकाने शनिवारवाड्याचं नाव घेतलं तर काय होईल तसंच. फरक इतकाच, की इथे पाहुणा घरचा होता.

‘ओहायो’ कशाबद्दल आहे?

४ मे १९७० ला ओहायो राज्यातल्या केंट स्टेट विद्यापीठात व्हिएतनाम युद्ध आणि कंबोडियातल्या चढाईविरुद्ध विद्यार्थ्यांची निदर्शनं चालू होती. नॅशनल गार्ड या राखीव दलाच्या सैनिकांनी गोळीबार केला. १३ सेकंदांत चार विद्यार्थी ठार, नऊ जखमी. यंगने त्याचे फोटो मासिकात पाहिले आणि गाणं लिहिलं. क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश आणि यंग यांनी ते लगेच मुद्रित केलं आणि काही आठवड्यांत बाजारात आणलं. गाण्यात राष्ट्राध्यक्ष निक्सनचं नाव सरळ घेतलंय, त्यामुळे काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवलं नाही.

मूळ मुद्रणात दोन इलेक्ट्रिक गिटार आणि शेवटी क्रॉस्बीचा आकांत आहे. इथे एकच लाकडी गिटार. घटनेला नऊ महिनेही झालेले नाहीत. सक्तीच्या सैन्यभरतीला नकार देऊन अमेरिकेतले हजारो तरुण त्या काळात कॅनडात येत होते, आणि टोरांटो हा त्यांचा मोठा आसरा होता. या शहरात हे गाणं परक्या देशातली बातमी नव्हती.

‘द नीडल अँड द डॅमेज डन’ च्या आधी तो काय बोलतो?

सांगतो की पाच वर्षांपूर्वी कॅनडा सोडून खाली दक्षिणेकडे गेलो, तिथे बरंच काही पाहिलं, चांगलं आणि वाईट. नाव होण्याआधीचे मोठमोठे वादक पाहिले. आणि काही असे पाहिले जे तुम्हाला कधी बघायलाच मिळाले नाहीत, कारण ते हेरॉइनने गिळले. हे सगळं तो अगदी साध्या, जवळजवळ संकोचलेल्या आवाजात सांगतो. उपदेश नाही. मग गाणं, जेमतेम दोन मिनिटांचं.

क्रेझी हॉर्समधला त्याचा गिटारवादक डॅनी व्हिटन तेव्हा व्यसनात बुडालेला होता. नोव्हेंबर १९७२ मध्ये तो गेला. गाणं त्याच्या मृत्यूवर लिहिलं असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं, ते चूक आहे. गाणं जवळपास दोन वर्षं आधीचं आहे.

आणखी एक गंमत : ‘हार्वेस्ट’ मधलं या गाण्याचं मुद्रणही स्टुडिओतलं नाहीच. ते याच दौऱ्यातलं, ३० जानेवारी १९७१ चं, लॉस एंजेलिसच्या रॉइस हॉलमधलं. म्हणजे ब्रिग्जच्या हट्टाचा एक तुकडा ‘हार्वेस्ट’ मध्ये गेलाच.

‘काउगर्ल इन द सँड’ आणि ‘डाउन बाय द रिव्हर’ एवढी छोटी कशी झाली?

१९६९ च्या अल्बमवर पहिलं दहा मिनिटांचं आणि दुसरं नऊ मिनिटांच्या वर आहे. दोन्ही मुख्यतः इलेक्ट्रिक गिटारच्या लांबलचक सवालजवाबासाठी प्रसिद्ध. ‘डाउन बाय द रिव्हर’ मध्ये यंग एकच सूर पुन्हा पुन्हा ठोकत राहतो ती जागा तर गिटारवाल्यांमध्ये दंतकथा झालीय. इथे दोन्ही चार मिनिटांच्या आसपास आटोपतात. वादन गेलं आणि आत लपलेलं गाणं बाहेर आलं. ‘डाउन बाय द रिव्हर’ हे प्रेयसीला गोळी घालणाऱ्याचं गाणं आहे हे बँडच्या गदारोळात विसरायला होतं. इथे विसरता येत नाही.

मी गिटार शिकतोय. या अल्बममधून काय उचलता येईल?

पुष्कळ. आणि दिलासा म्हणजे बोटांची सर्कस कुठेच नाही.

सुरुवात ‘द नीडल अँड द डॅमेज डन’ ने करा. डी कॉर्ड धरायची आणि खालचा स्वर उतरवत न्यायचा : डी, सी, बी, मग बी फ्लॅट. वरच्या तारा तशाच वाजत राहतात, बेस पायरी पायरीने खाली जातो. गाण्यातलं घसरत जाणं शब्दांआधी तिथेच ऐकू येतं. हे स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये आहे, त्यामुळे खुंट्यांना हात लावायची गरज नाही.

‘काउगर्ल’ आणि ‘ओहायो’ साठी मात्र पहिली आणि सहावी, दोन्ही ई तारा एकेक सूर उतरवून डी वर आणा. याला गिटारवाले ‘डबल ड्रॉप डी’ म्हणतात आणि यंगचं हे आवडतं ट्यूनिंग. वर आणि खाली दोन्हीकडे डी घुमत राहतो, त्यामुळे एकट्या गिटारचाही आवाज भरलेला वाटतो. ‘डोन्ट लेट इट ब्रिंग यू डाउन’ साठी हेच ट्यूनिंग घेऊन सगळ्याच तारा आणखी एक सूर खाली उतरवायच्या. तारा सैल पडतात, लटलटतात. स्वस्तातल्या गिटारवर तर खूपच. थोड्या जाड तारा लावल्या की काम भागतं.

उजवा हात नीट ऐका. तारा छेडता छेडता तो मध्येच हाताने त्या दाबतो आणि ‘थाड’ असा ठोका निघतो. ड्रमवाल्याची उणीव भासत नाही ती त्या ठोक्यामुळे. क्लासमध्ये डाव्या हाताच्या कॉर्ड्स शिकवतात. यंगकडून शिकायचा तो उजवा हात.

मला त्याचा आवाज रडका वाटतो. माझं काही चुकतंय का?

नाही. आवाज बारीक आहे, वर चढला की कापतो, कधी कधी सुराच्या कडेवरून चालतो. बफेलो स्प्रिंगफील्डमध्ये तर त्याचीच गाणी दुसऱ्याकडून गाऊन घेत. या अल्बमचं पहिलं गाणं ‘ऑन द वे होम’ मूळ मुद्रणात बँडमधल्याच रिची फ्युरेने गायलंय. भरदार, घोटीव आवाजावर वाढलेल्या कानांना हा आवाज आधी खटकतोच. दोनतीन वेळा ऐका. तरीही नाही आवडला तर सोडून द्या, सक्ती कसली?

एवढं मात्र सांगतो, की यंग ऐकायला सुरुवात करायची तर हाच अल्बम बरा. १९७१ मध्ये त्याचा गळा स्वच्छ होता आणि त्याच्यावर झाकण घालायला दुसरं वाद्य नाही.

हे सगळं गिटारवरच आहे का?

नाही, पाच ट्रॅक पियानोचे आहेत : ‘जर्नी थ्रू द पास्ट’, ‘लव्ह इन माइंड’, वर सांगितलेला जोडतुकडा, ‘देअर्स अ वर्ल्ड’ आणि ‘सी द स्काय अबाउट टु रेन’. पियानो तो शिकलेल्या माणसासारखा वाजवत नाही. कॉर्ड्स धरून ठेवतो आणि त्यांच्या मधल्या फटींतून गातो. चालतं.

अल्बमबरोबरच्या डीव्हीडीवर दिसतं ते मॅसी हॉलच आहे ना?

नाही, आणि यावरून बरेच जण फसतात. आवाज टोरांटोचा, पण गाताना दिसतो तो यंग तीन दिवसांनंतरचा आहे : २२ जानेवारी १९७१, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपिअर थिएटरमध्ये, टीव्हीसाठी झालेलं चित्रीकरण. दोन्ही एकमेकांवर बसवले आहेत, म्हणून अधूनमधून ओठ आणि शब्द जुळत नाहीत. त्या स्ट्रॅटफर्डच्या कार्यक्रमाचा स्वतःच्या आवाजासह ‘यंग शेक्सपिअर’ हा अल्बम ५० वर्षांनी, २०२१ मध्ये आला. गाण्यांची यादी बरीचशी तीच, वातावरण जरा निवांत.

त्याच दौऱ्याची आणखी किती मुद्रणं आहेत? कोणतं घ्यावं?

आता भरपूर झालीत. डिसेंबर १९७० च्या आसपासची ‘लाइव्ह ॲट द सेलर डोअर’ (वॉशिंग्टन) आणि ‘कार्नेगी हॉल १९७०’ (न्यूयॉर्क), मग मॅसी हॉल, ‘यंग शेक्सपिअर’, रॉइस हॉल, आणि १ फेब्रुवारीचं लॉस एंजेलिसमधलं डोरोथी चँडलर पॅव्हिलियन. शेवटच्याची चोरटी रेकॉर्ड वर्षानुवर्षं हातोहात फिरत होती. नंतर यंगनेच ती अधिकृतपणे काढली.

सगळी घेऊ नका. मॅसी हॉल घ्या, आणि ओढ लागलीच तर ‘सेलर डोअर’. ते छोट्या क्लबमधलं आहे, पियानो जास्त आहे, आणि लोक हाताच्या अंतरावर असल्यासारखे वाटतात. या सगळ्यांच्या आधीचा, १९६८ चा कोवळा यंग हवा असेल तर ‘शुगर माउंटन’ आहे. त्यात तो गातो त्याहून जास्त बडबडतो.

मॅसी हॉल म्हणजे ट्रॅक्टरवाल्या मॅसीचं काही?

तेच! आपल्याकडे शेतात लाल मॅसी फर्ग्युसन दिसतो, त्यातलं ‘मॅसी’ हे याच घराण्याचं. कॅनडात शेतीची अवजारं बनवून गडगंज झालेल्या हार्ट मॅसीने आपल्या दिवंगत मुलाच्या, चार्ल्सच्या, स्मरणार्थ हे सभागृह बांधून शहराला दिलं. १८९४ च्या जूनमध्ये ते उघडलं. कंपनी १८९१ मध्येच मॅसी-हॅरिस झाली होती, आणि १९५३ मध्ये ती फर्ग्युसनशी जोडली गेली.

आत सुमारे पावणेतीन हजार लोक बसतात. लाकूडकाम आणि कमानींची मूरिश धाटणीची नक्षी आहे, आणि दोन सज्जे मंचाच्या इतक्या जवळ वळलेत की गायकाच्या डोक्यावर बसल्यासारखं वाटावं. चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच यांची १९५३ ची जॅझ मैफलही इथलीच. टोरांटो किंवा मिसिसागात राहणाऱ्या मराठी मंडळींनी जरूर जावं. क्वीन आणि डंडास या रस्त्यांच्या मधोमध, व्हिक्टोरिया स्ट्रीटवर आहे. २०१८ ते २०२१ नूतनीकरणासाठी बंद होतं, आता पुन्हा सुरू आहे.

अल्बम कुठे ऐकता येईल?

सीडी आणि दोन तबकड्यांचा एलपी संच निघालेला आहे. स्ट्रीमिंगवरही मिळतो. २०२२ च्या जानेवारीत करोना लशीबद्दलच्या अपप्रचाराच्या निषेधार्थ यंगने स्पॉटिफायवरून आपलं संगीत काढून घेतलं होतं, मार्च २०२४ मध्ये ते परत आणलं. त्याचं स्वतःचं ‘नील यंग अर्काइव्ह्ज’ हे संकेतस्थळही आहे, तिथे आवाजाचा दर्जा उत्तम आहे. कारण आवाजाच्या दर्जावरून हा माणूस कुणाशीही भांडायला तयार असतो.

हेडफोन लावून ऐका. गाडीत वगैरे हा अल्बम विरून जातो.

इंग्रजी फारसं कळत नसेल तर?

अडत नाही. यंगची भाषा साधी आहे, वाक्यं छोटी आहेत आणि उच्चार सुटे आहेत. गाण्यांआधीचं बोलणं मात्र एकदा समजून घ्या, निदान ‘ओल्ड मॅन’ आणि ‘नीडल’ चं. ‘काउगर्ल’ चे शब्द इंग्रजी घरात जन्मलेल्यांनाही पुरते कळत नाहीत, तेव्हा तिथे सगळे सारखेच.

कॅनडात तो चालला का?

२००७ मध्ये निघाल्यावर कॅनडात थेट पहिल्या क्रमांकावर, अमेरिकेत सहाव्या. ३६ वर्षं जुन्या टेपला वाईट नाही.

एखादं गाणं वगळलं तर चालेल का?

‘देअर्स अ वर्ल्ड’ वगळा. ऑर्केस्ट्राखाली चिरडलेल्या ‘हार्वेस्ट’ मधल्या रूपापेक्षा इथे ते शंभरपट बरं आहे, पण मुळात गाणंच पोकळ आहे. ‘डान्स डान्स डान्स’ हे हलकंफुलकं टाळ्यांचं गाणं; यंगने पुढे त्याची चाल ‘लव्ह इज अ रोझ’ साठी वापरली, ते लिंडा रॉनस्टॅटने गाजवलं. शेवटच्या टाळ्या धरून ते पावणेसहा मिनिटं चालतं, घाई असेल तर पुढे ढकला. पण त्याबरोबर अल्बम बंद करू नका. लोक त्याला परत बोलावतात आणि तो ‘आय ॲम अ चाइल्ड’ गातो, सव्वातीन मिनिटं.